मोटारीपाशी नाही, होडीत

काका, तुम्ही गेल्यापासून आपल्या घरात तुमच्या मरणाची एकच हकीकत सांगितली जाते. सकाळी पपईला पाणी द्यायला गेले, पाण्याची मोटार चालू करायला वाकले आणि तिथेच बसले. ती पप्पा सांगतात. ओसरीवर सतरंजी अंथरलेली असते, नंदुरबारहून, शहाद्याहून माणसं येतात, चपला काढून बसतात, आणि पप्पा पहिल्यापासून सुरुवात करतात. ऐकणारे मान हलवतात. "शेतमां राबता राबता गया. भाग्यवान मानूस." मी पाण्याचे ग्लास फिरवते आणि ट्रेमध्ये बघत राहते.

तुम्ही मोटारीपाशी नव्हता. तुम्ही शेततळ्यात होता, होडीत, मागच्या जागेवर. पुढच्या जागेवर मी होते.

हे मी शाळेच्या मराठीत लिहिते आहे, कारण मला दुसरी येत नाही. तुम्ही माझ्याशी जन्मभर अहिराणीत बोललात आणि मी जन्मभर अशी, पुस्तकासारखी, उत्तरं दिली. दोन भावांच्या घरात मूल मी एकटीच, त्यात इंग्रजी शाळेच्या बसमधून रोज कोरीटहून नंदुरबारला जाणारी. गावातल्या मुलींना मी शिष्ट वाटायचे. शिष्ट नव्हते, तोंड उघडायला घाबरत होते. हे घरात एकट्या तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही ते कधी बोलून दाखवलं नाहीत.

ती होडी आपल्या घरात मोबाईलमधून आली. तुम्ही एक व्हिडिओ मला दाखवायला आणलात. कुठल्या तरी थंड देशातलं कुटुंब, आईबाप, दोन मुलं, एक कुत्रा, आणि दोन्ही टोकांना निमुळती होत गेलेली लांबट होडी. जंगलातल्या तळ्यांमधून ते वल्हवत जात होते, वाट संपली की होडी डोक्यावर घेऊन चालत होते, आणि संध्याकाळी काठावर तंबू ठोकून काहीतरी तळून खात होते.

"हाई होडीले काय म्हनतस?"

"कनू."

"कनू? हाई ते गुजरातना कनूभाई व्हयना." तुम्ही व्हिडिओ पुन्हा लावलात. "आपन बी जाऊत. सगळा जन. नर्मदामायवर. मोलगीना पुढे धरननं पाणी डोंगरेसमां घुसेल शे. रस्ता नही, गाड्या नही. होडीमां जावानं, काठवर भाकरी खावानी, तठेच झोपानं."

पप्पा खाटेवर बसून ऐकत होते. "आपन काय मासा धरनारा शेत का? घर शे, खाटला शे. रानमां झोपानं कसाले?"

"दादा, जनमभर पपई देखी. एकदाव नुसतं पाणी देखा."

पप्पा काही बोलले नाहीत. पप्पांचं न बोलणं म्हणजे नकार असतो आणि माझं न बोलणं म्हणजे होकार, असा आपल्या घरात समज आहे. पण तुम्ही पप्पांच्या गप्प बसण्याला होकार धरलंत आणि कामाला लागलात.

नियोजन माझ्याकडे आलं. "तू इंग्रजी शिकेल शे, त्या लोके काय सांगतस ते आयकी ले." मी ऐकलं. जड सामान मध्ये ठेवायचं, कपडे पाणी न शिरणाऱ्या पिशव्यांत बांधायचे, वारा सुटला की काठाकाठाने जायचं. ते लोक पाकिटातलं सुकं जेवण नेतात. मम्मीने हे ऐकलं आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याचं पीठ, ठेच्याचं सामान, शेंगदाणे, गूळ, मोठा तवा, शेगडी असं एकेक बोलायला सुरुवात केली.

"वहिनी, होडी शे ती. टेम्पो नही."

"मंग टेम्पोनीच जाऊत ना, भाऊ."

तुम्ही इतके हसलात की चहा सांडलात. तवा मात्र यादीत राहिला.

फुगवायची कनू सुरतहून खोक्यात आली. दुसरी आपण वल्हवायला शिकल्यावर मागवायची होती. आता प्रत्येक होडीत वजन सारखं बसायला हवं, म्हणजे सगळ्यांची वजनं हवीत. विचारलं तर कोणी सांगेना. मग तुम्ही कापूस मोजायचा काटा अंगणात आणून मांडलात. मम्मीने आधी चपला काढल्या, मग कमरेचा किल्ल्यांचा जुडगा, मग हातातल्या बांगड्या काढायला लागली.

"बांगड्या राहू द्या वहिनी. त्या बी होडीमां येनार शेत."

काकू मात्र दाराच्या आतून पुढे येईना. पप्पा अंगणात होते ना. लग्न होऊन या घरात आल्यापासून काकू पप्पांसमोर, म्हणजे आपल्या जेठासमोर, थोरल्या दिरासमोर, डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नाही आणि त्यांच्याशी थेट बोलत नाही. ते समोर असले तरी मला किंवा मम्मीला सांगते, "विचार त्यासले." आणि पप्पाही तिला थेट उत्तर देत नाहीत, "सांग तिले" म्हणतात. लहानपणी मला हा खेळ वाटायचा. दोघांच्या मध्ये उभं राहून मी एकच वाक्य दोनदा म्हणायचे. घरात माझा आवाज ऐकू यायचा तो बहुतेक तेवढाच.

"दादा, जरा गोठामां चक्कर मारी या," तुम्ही म्हणालात. पप्पा खाकरत उठून गेले. काकू धावत येऊन काट्यावर उभी राहिली आणि माझ्या कानाशी पुटपुटली, "कमी लिख."

"कमी लिखशी ते होडी बुडी जाई," तुम्ही लांबून ओरडलात. पदर तोंडात कोंबून हसणारी काकू मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

एक गोष्ट विचारायला मला खूप दिवस लागले. काठावर झाडोरा नसेल, उघडे डोंगर असतील, तर आम्ही बायकांनी सकाळी जायचं कुठे? तोंडाने विचारणं शक्य नव्हतं. तुम्ही अंगणात बसला होता आणि मी माझ्या खोलीतून तुम्हाला मेसेज केला, "बायकांचं काय?" खिडकीतून पाहिलं. तुम्ही वाचलंत, मोबाईल खिशात ठेवलात आणि रस्त्याकडे बघत बसलात. मला वाटलं, तुम्हाला राग आला. लाजेने मी रात्री जेवायलाही तुमच्या समोर बसले नाही. त्यानंतर एका दुपारी पाहिलं तर तुम्ही पपईच्या रोपांवर टाकतो ते पांढरं क्रॉप कव्हर चार बांबूंना शिवून अंगणात उभं केलं होतं. आत जाऊन बसून पाहिलंत, बाहेर येऊन चारी बाजूंनी फिरलात, सूर्याकडे तोंड करून आतलं काही दिसतं का ते तपासलंत. मग कोणाकडेच न बघता म्हणालात, "हाई बायासनं. पहिले हाई लागी, मंग तंबू." मी त्याबद्दल तुम्हाला एक शब्द बोलले नाही. आज बोलते. तसं माझ्यासाठी कोणी काही केलेलं नाही, काका.

तंबूवरून मात्र आपलं भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. आपण जागा बघायला मोलगीला गेलो, बाजाराचा दिवस होता, आमचूर घेतला, आणि जीपने पाण्यापर्यंत उतरलो. काठावरच्या एका घरातली बाई तोडक्या मराठीत विचारत होती, "तुम्हाला घर नाय का?" आहे म्हटल्यावर ती म्हणाली, "मग बाहेर कशाला झोपता?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत, सांग आता म्हणून. ती हसत हसत म्हणाली, झोपा, पण शेळ्या येतील. परतीच्या वाटेवर तुमचं ठरलं, उघड्यावर झोपायचं. मी म्हटलं, तंबूशिवाय मी येणार नाही. "तंबूमां झोपानं ते घर काय वाईट?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, घरात शेळ्या येत नाहीत. त्यावर तुम्ही मोठं उत्तर देणार होता. घाटात जीपचा आवाज वाढला आणि ते राहून गेलं.

मग सराव सुरू झाला. शेततळं तुमच्याइतकं मला कधीच आवडलं नव्हतं. तळाला आणि उतारांना काळं प्लास्टिक, पाय ठेवला की घसरतो, आत पडलेल्याला वर येता येत नाही म्हणून तुम्ही चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडून ठेवले होते. लाइफ जॅकेट घालून मी दोर धरून कनूत उतरायचे. मी पुढे, तुम्ही मागे.

कनूत पुढच्याला मागचा दिसत नाही आणि मागच्याला पुढच्याचं तोंड दिसत नाही. माझ्यासारखीला यापेक्षा चांगली जागा जगात नसेल. कोणी बघत नाही, हातांना काम आहे, आणि पाठीमागे आपलं माणूस आहे. मी बोलायला लागले. तुम्ही अहिराणीत, मी माझ्या मराठीत, तळ्याला गोल गोल फेऱ्या. नोकरीला लागल्यापासून ऑफिसमधल्या मीटिंगमध्ये मला बोलायची वेळ आली की मी वहीत बघत राहते, हे सांगितलं. आणि एके सकाळी सुरतच्या स्थळाचं सांगितलं. मुलगा वाईट नव्हता. बघायला आले, त्यांनी विचारलं, मी गप्प बसले, आणि माझ्या गप्प बसण्याचा सगळ्यांनी होकार करून टाकला. त्यांचाही होकार आला. "मला नाही करायचं, काका," मी पाण्याकडे बघत म्हटलं.

मागून तुमचं वल्हं दोनदा पाण्यात पडलं.

"नर्मदावरथून येऊत, मंग मी सांगस दादाले. तू काही बोलू नको."

मला किती हलकं वाटलं होतं. आता आठवलं की मान खाली जाते, कारण हलकं वाटलं ते लग्न टळणार म्हणून नाही, मला बोलावं लागणार नाही म्हणून.

ती सकाळ. काकू, मम्मी घरी होत्या; तुम्ही पपईला पाणी द्यायला जातो म्हणून निघाला होता, आपण होडीत उतरू हे त्यांना ठाऊक नव्हतं. पप्पा पपईच्या पलीकडच्या टोकाला. तुम्ही गंमत म्हणून वल्हं आपटलंत, पाणी उडालं, माझे पाय ओले झाले आणि तुम्ही विचारलंत, "पाय वल्ला झायात का तुन्हा?" मी मान हलवली. वळले नाही, बोलले नाही, नुसती मान. मग कनू एका बाजूला वळायला लागली. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम फिरवताय. "काका, सरळ धरा ना," मी चिडून म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं. मग वळले. तुम्ही मागच्या टोकाला टेकून बसला होता, वल्हं मांडीवर, चेहरा तसाच, आत्ता हसून झाल्यासारखा.

मी ओरडले. पप्पा म्हणतात, माझा एवढा मोठा आवाज त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. मी कनू दोरापर्यंत आणली, कशी ते मला माहीत नाही. पप्पांनी तुम्हाला वर ओढलं, आणि मोटारीपाशी सावली होती म्हणून तिथे निजवलं. गावातले डॉक्टर आले, त्यांनी छातीवर कान ठेवला आणि म्हणाले, झटका मोठा होता, काही करता आलं नसतं.

माणसं धावत यायच्या आत पप्पांनी कनूची हवा सोडली होती. ठिबकच्या जुन्या नळ्यांच्या भेंडोळ्याखाली त्यांनी ती सरकवली आणि माझ्या अंगातलं जॅकेट स्वतःच्या हातांनी काढलं. "बेटा, होडीनं नाव काढू नको. तुन्ही सोयरीकनी बात चाली ऱ्हायनी. लोके म्हनतीन, हाई वयमां खेळना होडीमां काय करी ऱ्हायंता, नि पोर संगे काय करी ऱ्हायंती. तुन्हा काका शेतकरी मानूस. शेतमां गया, असंच राहू दे."

मी मान हलवली. पुन्हा नुसती मान.

पप्पा वाईट नाहीत, काका. तुमची लाज राखायची होती त्यांना, आणि माझी. पण कनूची लाज का वाटावी, हे मी त्यांना विचारलं नाही. आपण सगळे तर होडीसाठी काट्यावर मोजून घेतलेली माणसं होतो. पप्पासुद्धा. तुम्ही झोपल्यावर एकदा ते गुपचूप काट्यावर उभे राहिले होते आणि मला आकडा सांगून गेले होते.

पुढचं तुम्ही बघितलं नाहीत. काकू आत, दाराच्या आडोशाला बसलेली. पप्पा ओसरीवर. मध्ये उंबरा. पहिल्याच दिवशी तिने मला जवळ बोलावून म्हटलं, "विचार तुन्हा पप्पाले, त्यास्नी पाणी मांगं व्हतं का?"

मी उंबऱ्याबाहेर गेले. "पप्पा, काकू विचारतेय, काकांनी पाणी मागितलं होतं का?"

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "सांग तिले, येळच भेटना नही."

मी आत आले. "काकू, वेळच मिळाला नाही."

दुसऱ्या दिवशी: विचार, हाक मारी व्हती का. तिसऱ्या दिवशी: विचार, किती येळ एकला पडेल व्हतात. मी बाहेर जायचे, आत यायचे. लहानपणी जे खेळासारखं केलं तेच करत होते, फक्त आता मी जे नेत-आणत होते त्यातलं काहीच खरं नव्हतं. शेवटी तुमच्याजवळ जी होती तिच्याच तोंडून काकूला खोटं ऐकू येत होतं. आणि ते खोटं ऐकून ती मोटारीपाशी एकटे पडलेले तुम्ही डोळ्यांसमोर आणत बसायची. तिने पाणी पिणं कमी केलं. ग्लास हातात घ्यायची, ओठाशी न्यायची आणि खाली ठेवायची.

गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटण्याच्या, आदल्या दिवशी सकाळी मी तिच्यासाठी चहा घेऊन मागच्या पडवीत गेले. ती भिंतीला टेकून बसली होती. माझ्याशी नाही, स्वतःशीच म्हणाली, "कोनी तोंडमां पाणी बी टाकं नही."

मी चहा खाली ठेवला आणि एका दमात सांगितलं. होडी, तळं, तुम्ही मागे, मी पुढे. माझं वाक्य संपायच्या आत तिने माझ्या दंडावर चापट मारली. जोरात, आवाज होईल अशी. मग तोच दंड धरून ठेवला.

"परत सांग."

मी परत सांगितलं. या वेळी ती मध्ये मध्ये विचारत होती. शर्ट कोनता व्हता? वल्हं त्यास्ना हातमां व्हतं का? बोलत व्हतात का? काय बोलनात? मी तुमचं शेवटचं वाक्य तुमच्यासारखंच म्हणून दाखवलं. पाय वल्ला झायात का तुन्हा. माझ्या तोंडून अहिराणी ऐकून की काय, ती थबकली.

"माले ते त्यास्नी कधी इचारं नही," ती म्हणाली. आणि हसली, काका. रडता रडता, नाक पुसत, तुमच्यावर चिडून हसली.

मग तिने विचारलं, हे झाकलं कोणी आणि का. मी ओसरीकडे पाहिलं आणि म्हटलं, "माझ्या सोयरिकीसाठी."

"तुले कराना शे का तो पोऱ्या?"

मी मान हलवायला लागले आणि थांबले. "नाही," असं तोंडाने म्हटलं. तिने कप उचलला. चहा पूर्ण प्यायली.

त्याच दुपारी सुरतची मंडळी भेटायला आली. मुलगा नव्हता, त्याचे आईवडील होते. मुलाचे वडील पप्पांशेजारी बसले, आई उंबऱ्याजवळ. मी पाणी आणलं. आईने पदर सावरून नेहमीचं विचारलं, "कसं झायं हो एकाएकी?"

पप्पांनी घसा साफ केला. "सकायले पपईले पाणी भराले गया. मोटार चालू कराले वाकना..."

"नही."

आवाज आतून आला. ओसरीवरच्या सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. काकू उभी होती, पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला, हात चौकटीवर. कोणाला 'सांग' म्हणाली नाही, कोणाला 'विचार' म्हणाली नाही. पप्पांच्या समोर, थेट, ती म्हणाली, "मोटारवर नही, भाऊ. तळामां व्हतात, होडीमां. नि एकला नव्हतात."

पप्पा सतरंजीकडे बघत राहिले. सुरतच्या बाईने हातातला ग्लास खाली ठेवला. "मंग कोन व्हतं संगे?"

काकूने उत्तर दिलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. ती माझं नाव घेणार नाही हे मला तिच्या उभं राहण्यावरून कळलं. मी गप्प राहिले असते तर तिने ते तसंच सोडून दिलं असतं आणि परत मला कधी विचारलंही नसतं. ट्रेमधले ग्लास एकमेकांना लागून वाजत होते आणि ते सगळ्यांना ऐकू येतंय याचीसुद्धा लाज वाटत होती.

"मी," मी म्हटलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाईने वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग हळू म्हणाली, "सांग ना मंग, बेटा. काय झायं?"

मी पप्पांकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही. पण ते सतरंजीवर थोडे सरकले, एका माणसापुरते. मी ट्रे खाली ठेवला आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले.